केरेडिग्यॉनमध्ये राहायला येताय? आधी नकाशा आणि जनगणना कशी वाचायची ते पाहा

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरची केरेडिग्यॉन ही काउंटी कागदावर तीन आकड्यांत मावते. क्षेत्रफळ सुमारे १,७९० चौरस किलोमीटर, २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ७१,५०० आणि तीन वर्षांवरच्या लोकांत वेल्श बोलू शकणारे ४५.३ टक्के. ॲबरिस्टविथच्या ब्रॉनग्लाइस रुग्णालयात नोकरी लागलेले, ॲबरिस्टविथ विद्यापीठात प्रवेश मिळालेले किंवा जोडीदारामागोमाग येणारे बहुतेक जण हे आकडे वाचूनच येतात आणि पहिल्या महिन्यातच बुचकळ्यात पडतात. ॲबरिस्टविथ या इथल्या सर्वांत मोठ्या गावाच्या रस्त्यावर ऐकू येते ती मुख्यतः इंग्रजी. गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरच्या ट्रेगारॉनमध्ये मात्र दुकानात दोन माणसं भेटली की वेल्शच. ४५ टक्के ही सरासरी आहे, आणि ती लागू पडेल अशी गावं इथे मोजकीच.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा: आधी नावं, मग नद्या, मग हद्दी, त्यानंतर माणसं आणि भाषा, शेवटी घर आणि रोजचा व्यवहार. घर शोधण्याची घाई असली तरी नद्यांचा भाग गाळू नका. भाडं, बस, शाळा आणि शेजाऱ्यांची भाषा या चारही गोष्टी त्यावरच ठरतात.

पायरी १ : नावं फोडायला शिका

वेल्शचं लेखन रोमन लिपीत असलं तरी इंग्रजीच्या सवयीने वाचलं की फसगत होते. देवनागरीत विचार केलात तर काम बरंच सोपं होतं, कारण आपल्यासारखंच तिथेही बहुतेक अक्षरांचा उच्चार ठरलेला आहे. रोमन ‘सी’ म्हणजे नेहमी क, म्हणून काउंटीचं नाव ‘सेरेडिजन’ नाही, केरेडिग्यॉन. एक ‘एफ’ म्हणजे व, दोन ‘एफ’ म्हणजे फ. ‘डब्ल्यू’ बऱ्याचदा उ किंवा ऊ. दोन ‘डी’ म्हणजे जीभ दातांना लावून, हवा घासत काढलेला द. ‘सीएच’ म्हणजे घशातला ख. दोन ‘एल’साठी मराठीत अक्षर नाही: जीभ ल म्हणण्याच्या जागी ठेवा आणि आवाज न काढता बाजूंनी हवा सोडा. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो.

मग नावाचे तुकडे पाडा. ‘अबर’ म्हणजे नदीचं मुख. अबरटेइवी हे टेइवी नदीचं मुख, ज्याला इंग्रजीत कार्डिगन म्हणतात. अबेरायरॉन हे आयरॉन नदीचं. ‘ल्लान’ म्हणजे चर्चभोवतीची वस्ती, ‘पॉन्ट’ म्हणजे पूल, ‘ट्रे’ म्हणजे वस्ती, ‘कॉर्स’ म्हणजे दलदल, ‘कुम’ म्हणजे दरी, ‘पेन’ म्हणजे टोक किंवा माथा, ‘अनिस’ म्हणजे बेट. एवढे आठ शब्द पाठ असले की नकाशा बोलू लागतो. ज्या नावात कॉर्स आहे तिथलं घर घेण्याआधी जमीन ओली आहे का ते विचारावं, हे वेगळं सांगायला नको.

एक खाचखळगा मात्र मराठी माणसाला इतरांपेक्षा लवकर कळतो. आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्दाचा शेवट बदलतो: पुणे, पुण्यात. वेल्शमध्ये शब्दाची सुरुवात बदलते. ‘केरेडिग्यॉनमध्ये स्वागत’ अशी पाटी ‘क्रोएसो इ गेरेडिग्यॉन’ अशी असते. क चा ग झाला, काउंटी तीच. ट्रेगारॉनला जायचं तर ‘इ ड्रेगारॉन’. डेव्हिल्स ब्रिज या गावाचं वेल्श नाव पॉन्टारवनाख, म्हणजे मनाख नदीवरचा पूल, पण म चा व झालेला. (तिथे एकावर एक असे तीन काळांतले तीन पूल आहेत.) पाटीवरचं किंवा पत्रातलं नाव नकाशात सापडत नसेल तर पहिलं अक्षर उलटं फिरवून पाहा: ग चा क, ड चा ट, ब चा प, व चा म किंवा ब. दहातल्या आठ वेळा गाव सापडतं.

पायरी २ : नद्या धरून नकाशा वाचा

काउंटीची उत्तर हद्द डवी नदीच्या खाडीने आखली आहे. दक्षिणेला टेइवी आहे, पलीकडे कार्मार्थनशायर आणि पेम्ब्रोकशायर. पश्चिमेला कार्डिगनचा उपसागर, पूर्वेला कॅम्ब्रियन डोंगर. त्यातलं सर्वांत उंच टोक पिमलिमॉन, ७५२ मीटर. सेव्हर्न आणि वाय या ब्रिटनच्या दोन मोठ्या नद्या याच डोंगराच्या उतारांवर उगम पावून पूर्वेकडे जातात. रेइडॉल मात्र त्याच डोंगरातून निघून पश्चिमेला वीसेक मैलांत समुद्र गाठते. कोकण आणि घाटमाथा माहीत असलेल्याला हे चित्र नवं नाही: जलविभाजक किनाऱ्याजवळ, पश्चिमेच्या नद्या आखूड आणि वेगवान, आणि जिथे नदी समुद्राला मिळते तिथे बंदर.

कागदी नकाशा घ्यायचा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे १:५०,००० प्रमाणाचे लँडरेंजर मालिकेतले १३५, १४५ आणि १४६ हे तीन घ्या. या प्रमाणात नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पायी फिरायचं असेल तर १:२५,००० चे एक्सप्लोरर नकाशे बरे, त्यांत शेताचे बांधही दिसतात. ॲबरिस्टविथसाठी २१३, कार्डिगन आणि न्यू कीसाठी १९८, लॅम्पीटरसाठी १९९. सगळी काउंटी ‘एसएन’ या एकाच ग्रिड चौकोनात (नकाशावर आखलेल्या जाळीतल्या एका घरात) येते. संदर्भ सांगताना एसएन आणि पुढचे सहा आकडे द्यायची सवय लावून घ्या. खेड्यात याची गरज पडतेच, ती का ते पुढच्या पायरीत.

नकाशावर चार पट्टे रंगवा.

पहिला किनारा. बॉर्थपासून कार्डिगनपर्यंत कडे, छोट्या पुळणी आणि नदीमुखांवरची गावं. किनाऱ्याची पायवाट अनिसलासपासून कार्डिगनपर्यंत ६० मैलांची, २००८ मध्ये खुली झाली आणि २०१२ पासून ती संपूर्ण वेल्सच्या ८७० मैलांच्या किनारवाटेचा भाग आहे. मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास असतो. अनिसलासची वाळू ओहोटीला मैदानासारखी दिसते, आणि भरती मागच्या ओहोळांतून आधी शिरते. माणसं नेमकी तिथेच अडकतात, कारण त्यांचं लक्ष समोरच्या लाटांकडे असतं. पाण्यात उतरण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघायचं, कालचं चालत नाही.

दुसरा पट्टा किनाऱ्यामागचं उंचसखल पठार: मेंढ्या, गाई, दोन गाड्या शेजारून जाणार नाहीत असे रस्ते.

तिसरा टेइवीचं खोरं. ट्रेगारॉनजवळची कॉर्स कारॉन ही उंचावलेली पीटची (कुजक्या वनस्पतींच्या मातीची) दलदल, मग लॅम्पीटर, ल्लानडसिल, शेवटी कार्डिगन. ही नदी आधी दक्षिणेला जाते आणि मग पश्चिमेला वळते, म्हणून नकाशावर जवळ दिसणारी दोन गावं रस्त्याने बरीच लांब निघतात.

चौथा पट्टा डोंगर. वस्ती जवळजवळ नाही, जुन्या शिशाच्या खाणींचे ढिगारे आहेत. एस्टविथ आणि रेइडॉलच्या पाण्यात आजही त्या खाणींतले धातू उतरतात. कोरड्या मोकळ्या ढिगाऱ्यांवर गवत उगवत नाही ते त्यामुळेच. तिथे लहान मुलांना खेळू देऊ नका.

पावसाबद्दल एक दुरुस्ती. किनाऱ्यावर वर्षाला हजार मिलीमीटरच्या आसपास, पिमलिमॉनवर दोन हजारांच्या वर. रत्नागिरीकराला हे किरकोळ वाटेल. पण तिथे चार महिन्यांत उरकतो तो पाऊस इथे बारा महिने पुरवून पडतो आणि वाऱ्यामुळे आडवा येतो. छत्री घेऊ नका, मोडेल. टोपी असलेला जलरोधक कोट घ्या. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, जूनमध्ये साडेनऊ वाजून गेले तरी उजेड असतो.

पायरी ३ : हद्दी तपासा, कारण त्या एकमेकींवर बसत नाहीत

जुनी कागदपत्रं किंवा आकडेवारी शोधताना नावामुळे अडायला होतं. १९७४ पर्यंत ही कार्डिगनशायर काउंटी होती. मग १९९६ पर्यंत डवेड या मोठ्या काउंटीतला एक जिल्हा. १ एप्रिल १९९६ ला स्वतंत्र झाली ती पुन्हा कार्डिगनशायर या नावाने, आणि दुसऱ्याच दिवशी नाव केरेडिग्यॉन झालं. १९८१ चे आकडे शोधताना डवेड पाहिल्याशिवाय सापडत नाहीत.

टपालाची हद्द तर वेगळीच. उत्तरेकडचे पिनकोड ‘एसवाय’ने सुरू होतात, म्हणजे इंग्लंडातलं श्रूझबरी: ॲबरिस्टविथ एसवाय २३, बॉर्थ एसवाय २४. दक्षिणेकडचे ‘एसए’ने, म्हणजे स्वॉन्झी: कार्डिगन एसए ४३, अबेरायरॉन एसए ४६, लॅम्पीटर एसए ४८. शिवाय एसए ४३ आणि एसए ४४ टेइवी ओलांडून दुसऱ्या काउंट्यांतही जातात. त्यामुळे पिनकोड पाहून घर केरेडिग्यॉनमध्ये आहे असं गृहीत धरू नका. काउन्सिल टॅक्स, शाळेचा प्रवेश आणि कचऱ्याचा वार यासाठी परिषद कोणती ते पाहावं लागतं.

खेड्यात एकच पिनकोड काही मैलांवर पसरलेल्या शेतघरांना असतो. घरांना क्रमांक नसून नावं असतात आणि तीच नावं पुन्हा पुन्हा येतात, ब्रिन अमुक, पेन तमुक. गाडीतला नकाशा तुम्हाला पिनकोडच्या मध्यावर, म्हणजे कुठल्यातरी शेताच्या फाटकाशी सोडतो. सामान मागवताना आणि विशेषतः रुग्णवाहिका बोलावताना ग्रिड संदर्भ आणि जवळच्या चौकाचं नाव सांगा. हे दोन्ही कागदावर लिहून फोनजवळ चिकटवलेलं असावं.

आरोग्य मंडळ हवेल द्दा, ते तीन काउंट्यांना मिळून. पोलीस डवेड-पॉविस. पण ब्रॉनग्लाइसला रुग्ण येतात ते दक्षिण ग्विनेद आणि उत्तर पॉविसमधूनही. तिथे काम करणाऱ्यांना रुग्णाचं पुढचं पत्र कुठल्या मंडळाला जायचं हे रोज तपासावं लागतं.

पायरी ४ : माणसं कुठे आणि कधी असतात

दर चौरस किलोमीटरला ४० माणसं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा सर्वांत विरळ जिल्हा सिंधुदुर्ग, २०११ मध्ये तिथे हे प्रमाण १६३ होतं. वेल्समध्ये याहून विरळ फक्त पॉविस. पण ही चाळीस माणसं सारखी पसरलेली नाहीत. ॲबरिस्टविथ आणि त्याला चिकटलेली ल्लानबादार्न, पेनपारके ही वस्ती धरली तर पंधरा हजारांच्या आसपास. त्यानंतरचं मोठं गाव कार्डिगन, चार हजारांच्या थोडं वर. लॅम्पीटर त्याहून लहान, अबेरायरॉन आणि ट्रेगारॉन हजार-दीड हजाराची. काउन्सिलचं जुनं मुख्यालय मात्र अबेरायरॉनला, म्हणून इथे गावाच्या आकारावरून त्याचं महत्त्व ठरवू नये.

आता काळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शिशाच्या खाणी जोरात असताना इथे सत्तर हजारांच्या वर माणसं होती. खाणी बसल्या. माणसं दक्षिण वेल्सच्या कोळशाकडे आणि लंडनला गेली. लंडनच्या दूधधंद्यात कार्डिगनशायरच्या कुटुंबांचा मोठा वाटा होता. पहाटे बाटल्या पोचवायच्या, रविवारी वेल्श चॅपेलला जायचं आणि म्हातारपणी गावाकडे परतायचं. आपल्याकडचे चाकरमानी आठवले तर चुकीचं नाही. त्यांच्या काटकसरीवरचे विनोद अजून चालतात, ‘कार्डी’ म्हणजे चिक्कू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोकसंख्या पन्नास-पंचावन्न हजारांवर उतरली. नंतर विद्यापीठ वाढलं, इंग्लंडातून लोक आले आणि आकडा चढून २०११ मध्ये ७५,९०० झाला. पुढच्या दहा वर्षांत पुन्हा ५.८ टक्क्यांनी घटला, त्या दशकात वेल्समधल्या कुठल्याही काउंटीतली ही सर्वांत मोठी घट.

इथे एक सावधगिरी. जनगणना विद्यार्थ्यांना ते शिकतात त्या गावी मोजते. २१ मार्च २०२१ ला करोनाचे निर्बंध होते आणि बरेच विद्यार्थी आपापल्या घरी होते. त्यांनी कॉलेजचा पत्ता द्यावा अशी सूचना होती, तरी ॲबरिस्टविथच्या त्या वर्षीच्या आकड्यांवर फार मोठा निष्कर्ष काढू नये. घटीचं दुसरं कारण मात्र खरंखुरं आहे: इथे चारातला एक माणूस पासष्टीच्या पुढचा आहे आणि जन्मांपेक्षा मृत्यू जास्त.

लोकसंख्येला ऋतूही आहेत. सप्टेंबरअखेर ॲबरिस्टविथ तरुण होतं, जूनमध्ये रिकामं. बॉर्थ आणि न्यू की यांचं नेमकं उलटं: जुलै-ऑगस्टला कॅरॅव्हॅनचे तळ भरतात, नोव्हेंबरात निम्म्या खिडक्यांत दिवा नसतो. हिवाळ्यात स्वस्तात मिळालेलं किनाऱ्यावरचं घर एप्रिलमध्ये सोडायला सांगतात ते याच कारणाने. करारावर बारा महिने लिहिलेले आहेत का ते पाहा.

पायरी ५ : भाषेचा आकडा कसा वाचायचा

जनगणना वेल्सपुरता एक प्रश्न विचारते: वेल्श समजते, बोलता येते, वाचता येते, लिहिता येते, यांपैकी लागू असेल ते सगळं निवडा. ती रोज बोलता का, घरी बोलता का, हे त्यात नाही. तीन वर्षांखालची मुलं मोजत नाहीत आणि लहान मुलांचं उत्तर आईवडील देतात. म्हणून ‘४५.३ टक्के बोलतात’ असं म्हणू नका, ‘बोलू शकतात असं सांगितलं’ असं म्हणा.

दुसरा नियम: टक्का आणि संख्या दोन्ही काढा. २००१ मध्ये ५२ टक्के, २०११ मध्ये ४७.३, २०२१ मध्ये ४५.३. शेवटच्या दशकात दोनच टक्क्यांची घसरण दिसते आणि वाचणारा निश्चिंत होतो. आता संख्या पाहा. २०११ मध्ये सुमारे ३५,००० बोलणारे होते, २०२१ मध्ये ३१,७००. म्हणजे जवळपास ३,३०० कमी, ९.४ टक्क्यांची घट. एकूण माणसंही कमी झाल्याने, म्हणजे भागाकारातला खालचा आकडाच लहान झाल्याने, टक्का सावरलेला दिसला. विद्यार्थी कमी मोजले गेले असतील तर टक्का त्यामुळेही वर राहिला असणार, कारण विद्यार्थ्यांत बाहेरून आलेले जास्त.

तिसरा नियम: दोन वेगळ्या पाहण्या एका तक्त्यात घालू नका. वर्षभर चालणाऱ्या नमुना पाहणीत वेल्श येणाऱ्यांचं प्रमाण जनगणनेपेक्षा नेहमीच बरंच जास्त निघतं. संपूर्ण वेल्ससाठी जनगणनेचा २०२१ चा आकडा १७.८ टक्के आहे. तुम्हाला कुठे तीस टक्क्यांच्या जवळचा आकडा दिसला तर तो बहुधा त्या दुसऱ्या पाहणीतला.

तुलनेसाठी ग्विनेद ६४.४ टक्के, अँगलसी ५५.८, कार्मार्थनशायर ३९.९. या चौघींत केरेडिग्यॉन तिसरी, आणि आतला फरक बाहेरच्या फरकाइतकाच मोठा. ट्रेगारॉन, आयरॉनचं खोरं, टेइवीच्या मधल्या भागातली खेडी निम्म्याच्या वर. ॲबरिस्टविथ, बॉर्थ, न्यू की सरासरीच्या बरेच खाली. पायरी २ मधले पट्टे पुन्हा काढून त्यावर हे ठेवा: समुद्राचं दृश्य, रेल्वे किंवा विद्यापीठ जिथे आहे तिथे बाहेरची वस्ती आली, शेती जिथे कुटुंबात राहिली तिथे भाषा राहिली. इथल्या रहिवाशांपैकी तिघांत एकाहून जास्त इंग्लंडात जन्मलेले आहेत, आणि ते मुख्यतः किनाऱ्याच्या बाजूला.

आपल्या गावाचा आकडा काढायचा असेल तर सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या ‘नोमिस’ या संकेतस्थळावर २०२१ ची जनगणना निवडून पिनकोड टाका. तीन थर मिळतात. सर्वांत लहान विभाग शंभर ते सव्वासहाशे माणसांचा, मधला एक ते तीन हजारांचा, मोठा पाच ते पंधरा हजारांचा. शेजार कसा आहे हे कळायला मधला थर वापरा. लहान थरात माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून आकडे मुद्दाम थोडे हलवलेले असतात. दोन तक्त्यांची बेरीज जुळली नाही की लोक तासभर आपलीच चूक शोधत बसतात, ती तुमची नसते. मोठ्या थरात उलट अडचण: किनाऱ्याचं गाव आणि आतली खेडी एकत्र पडून पुन्हा सरासरीच हाती येते.

पायरी ६ : घर कुठे घ्यायचं

काउंटीत मोटरवे नाही. किनाऱ्याने ए४८७, पूर्वेला ए४४, तो चारशे मीटरच्या वर चढतो आणि हिमवर्षावात आधी तोच अडतो. रेल्वे फक्त उत्तरेला: ॲबरिस्टविथ, २०२१ मध्ये पुन्हा उघडलेलं बो स्ट्रीट आणि बॉर्थ. कार्मार्थनकडची लाइन १९६०च्या दशकात बंद झाली. परिणाम असा की ॲबरिस्टविथहून वेल्सच्याच राजधानीला, कार्डिफला, रेल्वेने जायचं तर इंग्लंडातल्या श्रूझबरीला वळसा, चार तासांच्या वर. डवी खाडीला पूर आला की तीही गाडी थांबते. विमान पकडायचं असेल तर एक दिवस आधी निघा.

बसपैकी तीन लक्षात ठेवा. टी१ ॲबरिस्टविथ-लॅम्पीटर-कार्मार्थन, टी५ किनाऱ्याने कार्डिगन आणि पुढे, टी२ उत्तरेला बँगोर. या मार्गांपासून दोन मैल आत घर घेतलंत की गाडीशिवाय चालत नाही, रात्रपाळी असेल तर मुळीच नाही. भारतीय परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते. परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून सहाव्या महिन्यातच अर्ज करा. वस्तीतल्या रस्त्यांवर सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये मूळ वेगमर्यादा ताशी २० मैल आहे.

घर पाहताना हे विचारा. गरम पाणी आणि हीटिंग कशावर? गावाबाहेर पाइपचा गॅस बहुतेक नसतो, अंगणात तेलाची टाकी असते आणि तेल साधारण किमान ५०० लिटर मागवावं लागतं. ऑक्टोबरच्या पहिल्या थंडीत सगळेच मागवतात, तेव्हा भाव चढतो. टाकी ऑगस्टमध्ये भरा. सांडपाणी सार्वजनिक गटारात जातं की सेप्टिक टाकीत? टाकी उपसण्याचा खर्च कोणाकडे? दगडी भिंतींच्या घराचं ऊर्जा प्रमाणपत्र पाहा, भाड्याच्या घराला किमान ‘ई’ दर्जा लागतो. बॉर्थसारखं गाव गोट्यांच्या बांधावर वसलेलं, पुढे समुद्र आणि मागे कॉर्स वॉख्नोची दलदल. अशा ठिकाणी नॅचरल रिसोर्सेस वेल्सच्या पूर-नकाशात पिनकोड टाकल्याशिवाय सही करू नका. वेल्समध्ये भाडेकरूला कायद्याने ‘करारधारक’ म्हणतात, लेखी करार १४ दिवसांत मिळायला हवा आणि घरमालकाची रेंट स्मार्ट वेल्सकडे नोंदणी असायला हवी. ती तपासता येते.

मुलं असतील तर शाळा आधी आणि घर नंतर. प्राथमिक शाळांत वेल्श माध्यमाचा भर मोठा आहे. ॲबरिस्टविथमध्ये माध्यमिकसाठी वेल्श माध्यमाची पेनवेदिग आणि इंग्रजीकडे झुकणारी पेनग्लाइस, असे दोन पर्याय मिळतात. बाकी काउंटीत असा पर्याय बसच्या अंतरात मिळेलच असं नाही. उशिरा आलेल्या मुलांसाठी भाषेची खास केंद्रं चालतात, प्रवेशाच्या अर्जातच त्याबद्दल विचारा. सहा-सात वर्षांचं मूल वर्षभरात बोलू लागतं. मराठी घरात, इंग्रजी बाहेर, वेल्श शाळेत, हे ओझं मुलांना फारसं होत नाही, पालकांना गृहपाठ कळत नाही एवढंच. घरापासून नेमलेली शाळा प्राथमिकला दोन मैलांपेक्षा, माध्यमिकला तीन मैलांपेक्षा लांब असेल तर प्रवास मोफत. पण तो ‘जवळच्या योग्य’ शाळेसाठी. लांबची शाळा तुम्ही निवडलीत तर बस तुमची.

पायरी ७ : रोजच्या व्यवहारात दोन भाषा

काउन्सिलशी, रुग्णालयाशी वेल्श किंवा इंग्रजी, कुठल्याही भाषेत बोलण्याचा हक्क आहे. २०११ च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला. हे आपोआप घडलं नाही. २ फेब्रुवारी १९६३ ला ॲबरिस्टविथच्या ट्रेवेखान पुलावर तरुणांनी वेल्श समन्सच्या मागणीसाठी रस्ता अडवला होता, तिथून ही चळवळ रस्त्यावर आली. म्हणून ‘सगळ्यांना इंग्रजी येतंच की’ हे वाक्य इथे मनातच ठेवावं. महाराष्ट्रात ते कोणी मराठीबद्दल म्हटलं तर कसं वाटतं ते आपल्याला ठाऊक आहे.

नारिंगी बोलक्या फुग्याचा बिल्ला लावलेला कर्मचारी वेल्श बोलतो. तुम्ही ‘शुमाय’ म्हणालात, निघताना ‘दिओल्ख’ म्हणालात, एवढ्यावर पुढचं संभाषण इंग्रजीत गेलं तरी कोणाची हरकत नसते. ‘टी’ आणि ‘खी’ हा फरक आपल्या तू-तुम्हीसारखाच. वॉर्डातल्या आजींना ‘खी’ म्हणा. दुखणं सांगताना वयस्क रुग्ण, विशेषतः स्मृतिभ्रंश असलेले, पहिल्या भाषेकडे वळतात. परिचारिकांनी दुखणं, पाणी, संडास आणि औषध यांचे चार शब्द पहिल्याच आठवड्यात शिकावेत.

शिकवण्या ‘डस्गी कमराइग’ या राष्ट्रीय केंद्रामार्फत चालतात आणि पहिली पातळी मनेडियाद. १६ ते २५ वयाच्या मुलांना मोफत. नाव नोंदवताना उत्तरेचं की दक्षिणेचं पुस्तक हवं असं विचारतात. केरेडिग्यॉनसाठी दक्षिणेचं निवडा. उत्तरेचं घेतलंत तर दुकानात दूध मागताना ‘ल्लेवरिथ’ म्हणाल. समजेल, पण इथे दुधाला ‘ल्लाइथ’ म्हणतात.